चोपन्न नंबरची पाठ

पदनाम: क्रीडावस्त्र देखभाल साहाय्यिका, श्रेणी दोन. पदधारक: श्रीमती आर्डेला प्रुइट, वय वर्षे बासष्ट, रा. टॅलोवा, मिसिसिपी. कर्तव्ये: सदर कर्मचारी विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील खेळाडूंची नावे त्यांच्या जर्सीच्या पाठीवर शिवेल, तसेच वरिष्ठांचा आदेश प्राप्त होताच ती काढून टाकेल. नाव काढताना वस्त्रावर पूर्वीच्या नावाची कोणतीही खूण शिल्लक राहणार नाही याची दक्षता घेण्यात येईल. निर्णयाधिकार: निरंक. मतप्रदर्शन: पदाच्या कक्षेबाहेर.

हे वर्णन विद्यापीठात कुणीतरी लिहून काढलं तेव्हा आर्डेलाला त्या कामावर लागून एकोणीस वर्षं झाली होती, आणि लिहिणाऱ्याने तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तिने ते वाचलं, त्याची नीट घडी घातली आणि शिलाई मशीनचा एक पाय डुगडुगत होता त्याच्याखाली सरकवली. मशीन डुगडुगायचं थांबलं. तेवढा त्या कागदाचा उपयोग झाला.

दुसऱ्या विद्यापीठांत नाव एका पट्टीवर शिवतात आणि ती पट्टी जर्सीवर लावतात. टॅलोवा स्टेटमध्ये तसं चालत नसे. इथल्या एका जुन्या कोचने, ज्याचा पुढे पुतळा झाला, सांगून ठेवलं होतं की पट्टीवरचं नाव म्हणजे भाड्याचा माणूस. आपल्याकडे प्रत्येक अक्षर सुटं कापायचं आणि थेट कापडावर शिवायचं, म्हणजे पोरगा कायमचा आपला. पोरं कायमची राहत नसत, हे पुतळ्याला कुणी कळवलं नव्हतं. कुणाचा गुडघा जाई, कुणी दुसरीकडे उठून जाई, कुणी अभ्यासात अडके. मग आर्डेला दाढीचं ब्लेड घेऊन एकेक टाका उसवायची. ब्लेडं तिच्या नवऱ्याची. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण एकदम घ्यायची त्याची खोड होती, त्यामुळे पाकिटं अजून पुरत होती. टाके उसवले की वाफ द्यायची, ब्रशने कापड घासायचं, भोकं बुजतात. कापड विसरतं. चारेक वाफांत कापड बहुतेक सगळं विसरतं.

थिग्पेनला विसरलं नाही.

ऑगस्टमध्ये त्याचं नाव काढलं तेव्हा पाठ कोरी झाली होती, हे तिने स्वतः खिडकीपाशी धरून पाहिलं होतं. जानेवारीत जर्सी फळीवरून खाली काढली, तर नाव परत आलेलं. भोकांच्या बारीक रेघा, आणि त्यांच्या आत, जिथं अक्षरं होती तिथं, कापडाचा लाल रंग बाहेरच्या लालपेक्षा एक छटा गडद.

"मिस आर्डेला," साहित्य विभागाचा प्रमुख बडी हॅगुड दारातून म्हणाला, "ही चोपन्न नंबरचीच ना?"

"नंबर तुमच्या डोळ्यांसमोर आहे, मिस्टर बडी."

"मला इथं थिग्पेन दिसतोय."

"वाचता येतं म्हणजे तुम्हाला. मी चर्चमध्ये सांगेन, बायकांना आनंद होईल."

बडी हसला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. शनिवारी पाहुणा यायचा होता. अजून सही न केलेल्या शाळकरी खेळाडूला इथं पाहुणा म्हणतात. तो आईबापांसह येतो, त्याला मांस-मटण खाऊ घालतात, मैदान दाखवतात, आणि त्याच्याच नावाची जर्सी घालून धुरात आणि झगमगाटात फोटो काढतात. पाहुण्याचं नाव आर्डेला कच्च्या टाक्यांनी घालायची. सही झाली तर पक्की शिलाई, नाही झाली तर एका ओढीत दोरा बाहेर. आणि हा पाहुणा, लॅमार्कस यूबँक्स, राज्यातला सगळ्यात मोठा होता, अंगाने आणि भावानेही.

"त्याला पंचावन्न द्या," आर्डेला म्हणाली.

"त्याचा बाप शाळेत चोपन्न घालायचा. बाप वारलाय. कोच ड्रेननने त्या मेलेल्या माणसाच्या जिवावर दोन वर्षं काढलीत. दर रविवारी पोराला फोन, तुझे डॅडी वरून बघतायत म्हणून. आता काय सांगायचं, डॅडी एक घर पुढं सरकले?"

"मग दुसरी चोपन्न काढा."

"ह्या मापाची एकच आहे. नवे कपडे ऑगस्टमध्ये." बडीने टोपी काढून डोकं खाजवलं. "सरळ सांगतो. शनिवारी हे नाव दिसलं, तर ड्रेनन मला काढेल, आणि मला काढायच्या आधी मी तुम्हाला काढेन. मनावर घेऊ नका."

"नाही घेत. काढायचा सराव मलाच आहे."

तो गेला. तिने इस्त्रीत पाणी भरलं, पाठ पसरली आणि वाफ सोडली. कापड ओलं झालं तशी थिग्पेनची सातही इंग्रजी अक्षरं हळूहळू वर आली. उथळ पाण्याखालून वस्तू दिसावी तशी. तिने पुन्हा वाफ दिली. ती आणखी स्पष्ट झाली. तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि खुर्ची थोडी मागं घेतली.

कारण तिला माहीत होतं. बाकीच्यांच्या पाठीवरून सुई एकदा फिरते, थिग्पेनच्या पाठीवरून तीनदा फिरली होती. पहिल्यांदा तो पाहुणा म्हणून आला तेव्हा वरून आलेल्या चिठ्ठीत त्याच्या आडनावातलं 'पी'नंतरचं 'ई' 'आय' होऊन आलं, आणि तिने चिठ्ठीबरहुकूम शिवलं. सतरा वर्षांचा तो पोरगा दिवसभर ती जर्सी घालून हिंडला, फोटो काढले, सगळ्या कोचांशी हात मिळवले. संध्याकाळी जर्सी परत करायला धुलाईघरात आला आणि म्हणाला, "मॅम, सगळं फार छान झालं. फक्त हे माझं नाव नव्हतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"सगळे इतके खुश होते."

तिने तिथल्या तिथं तेवढं एक अक्षर उसवून नीट घातलं. पुढे सही झाल्यावर पक्की शिलाई, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा एकदा दुहेरी, कारण समोरचे खेळाडू त्याच्या पाठीला लोंबकळत. तीन वेळा भोकं. शिवाय तीन वर्षांचं ऊन. कारण असं स्वच्छ होतं. पण कारण माहीत असल्याने तिला बरं वाटलं, असं झालं नाही.

इथं सांगायला हवं की ओडिस थिग्पेन मेलेला नव्हता. धुलाईघरात तो ज्या तऱ्हेने वावरत होता त्यावरून गैरसमज होण्यासारखा होता. तो आपल्या गावी एका खताच्या दुकानात गाडीवर पोती चढवत होता, जेवत होता, झोपत होता. तरीही ड्रायर फिरायचे थांबले की मधल्या शांततेत आर्डेलाला पान उलटल्याचा आवाज येई. मळक्या कपड्यांची चाकांची टोपली ढकलत ती कोपऱ्यातून वळली की तोंडातून आपोआप निघे, "पाय वर घे, बाळा." कोपऱ्यात पालथी टोपली असे. तिच्यावर कुणी नसे. एकदा बडीने ते ऐकलं आणि विचारलं, "कुणाला?" ती म्हणाली, "तुम्हाला नाही. तुम्ही कधी घेतलेत?"

तो त्या पालथ्या टोपलीवर बसून अभ्यास करायचा. खेळाडूंसाठी काचेची मोठी अभ्यासिका होती, पण तिथं प्रत्येक भिंतीवर टीव्ही होता आणि प्रत्येक टीव्हीवर ते स्वतः. विद्यापीठाच्या शैक्षणिक सल्लागार बाईंनी त्याला 'मनोरंजन व्यवस्थापन' हा विषय लावून दिला होता, कारण त्याचे सगळे तास सकाळी संपत आणि दुपारी सराव असे. संघातले निम्मे त्यातच होते. एक शास्त्राचा तास घ्यावाच लागतो म्हणून बाईंनी त्याला मातीच्या वर्गात टाकलं. तो वर्ग सोपा आहे असं सगळे म्हणत. बाईंचा अंदाज एकाच बाबतीत चुकला, तो वर्ग चांगला होता.

त्यानंतर तो साबणाच्या रिकाम्या मापांत माती आणू लागला. ओली करून बोटांत दाबायचा, चिकणमातीसारखी फीत निघते का बघायचा. एकदा तर त्याने चिमूटभर जिभेवर ठेवली.

"थुंक ते! जेवायला घालत नाहीत का तुला वर?"

"ही आपल्या मैदानाची आहे, मिस आर्डेला. वर ही अशी, आणि हातभर खाली एकदम दलदल. मैदान इथलं नाहीच. ट्रकने आणून टाकलंय."

"मग?"

"मग काही नाही. आमच्यासारखंच."

तिसऱ्या वर्षी त्याने कुणाला न विचारता विषय बदलला. जून महिन्यात तो टोपलीवर येऊन बसला, पुस्तक न उघडता.

"नापास झालास?"

"नाही. पास आहे सगळ्यात. विषय बदलला."

"त्यात काय झालं?"

"तिसरं वर्ष संपताना पदवीचा साठ टक्के भाग पुरा लागतो, नाहीतर खेळता येत नाही. नियम आहे. मनोरंजनात माझा चौसष्ट झाला होता. मातीत आलो तर एकेचाळीस."

आर्डेलाने मशीन थांबवलं. "आणि बाकीचा कुठं गेला?"

"तो मनोरंजनात गेला."

दोघंही हसली, आणि मग कुणी हसेना. न खेळणाऱ्याची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू ठेवायची की नाही हे कोचच्या हातात असतं. ड्रेननने हात झटकले. थिग्पेन शिकायला लागला म्हणून शिक्षणातून गेला. ऑगस्टमध्ये वरून आदेश आला आणि तिने ब्लेड घेतलं.

शनिवारी सकाळी तिने यूबँक्सची अक्षरं कापली. इंग्रजीत तीही सातच होती. बडीला ते शुभ वाटलं. "सातावर सात! देव आपल्या बाजूने आहे." देव तितका बारीक शिवत नाही. थिग्पेनच्या 'टी'ची आडवी दांडी यूबँक्सच्या पहिल्या अक्षराच्या, 'ई'च्या, डोक्यावरून डोकावत होती, आणि 'पी'च्या जागी आलेल्या 'एन'च्या पायांमधून जुना गोलवा दिसत होता. आर्डेलाने जर्सी अगदी कोरडी ठेवली. कोरडी असली की चार पावलांवरून काही कळत नसे.

फोटोच्या खोलीत ती सुईदोरा घेऊन पडद्यामागं उभी होती. तिथंच तिची जागा असे. पोरगा आत आला तेव्हा दार लहान वाटलं. त्याच्याबरोबर त्याची आई व्हर्नीस यूबँक्स, चर्चच्या कपड्यांत, हातात पर्स दोन्ही हातांनी धरलेली. पोरगा जर्सी घालून आरशात बघत राहिला. ड्रेनन हळूच म्हणाला, "डॅडींना अभिमान वाटला असता, सन." हे वाक्य त्याचं पाठ होतं, पण पोराला ते दर वेळी नवीन होतं.

"आता पाठ इकडं कर. अंगठे खांद्यामागं, नावाकडं दाखव. हां!"

धूर सोडला. धुराचं यंत्र पाण्यावर चालतं, हे बडी विसरला होता आणि आर्डेलाच्या ध्यानात फार उशिरा आलं. दिवे बाजूने पडत होते. धूर पाठीवर बसला, कापड दमट झालं, आणि अक्षरं वर येऊ लागली.

"थांबा," व्हर्नीस म्हणाली.

"काय झालं, मॅम? थकलात? खुर्ची आणा रे!"

"मी शाळेची बस चालवते, कोच. सव्वीस वर्षं आरशात मागचं बघतेय. ह्याच्याखाली कोण आहे?"

"खाली? खाली कुणी नाही, मॅम. ते कापडाचं, जरा..." ड्रेनन हसला. "बडी?"

बडी म्हणाला, "शिवणकाम आहे, मॅम." आणि त्याने पडद्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात सगळं होतं: एकोणीस वर्षं, मशीन, टोपली, सोमवारी सकाळी कुणी यायचं आणि कुणी नाही.

व्हर्नीसनेही तिकडंच पाहिलं. "तुम्ही शिवता ना? तुम्ही सांगा, मिस..."

"आर्डेला."

"मिस आर्डेला. कोण आहे हा?"

आर्डेलाच्या हातात सुई होती. ती तिने गळपट्टीला टोचून ठेवली. मतप्रदर्शन पदाच्या कक्षेबाहेर होतं, आणि तिने मत दिलं नाही. "थिग्पेन," ती म्हणाली. "'पी'नंतर 'ई' आहे. आय नाही."

"कुठं असतो?"

"तो दुसऱ्या संधींच्या शोधात..." ड्रेननने सुरुवात केली.

"खताच्या दुकानात," आर्डेला म्हणाली. "माती शिकायला लागला होता. मधेच विषय बदलला, तर हिशेबात बसेना. मग मी नाव काढलं."

धुराचं यंत्र फुसफुसत होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही. पोरगा मान वळवून आपलीच पाठ बघायचा प्रयत्न करत होता.

"माझ्या पोराला उद्या दुसरंच काही शिकावंसं वाटलं तर?" व्हर्नीसने ड्रेननला विचारलं.

"आमच्याकडे सगळे विषय आहेत, मॅम! शंभराच्या वर."

"आहेत का, हे नाही विचारलं. बदलता येतात का?"

"त्याबद्दल आपण जेवताना शैक्षणिक विभागाशी..."

"म्हणजे नाही." तिने पर्स दुसऱ्या हातात घेतली. "कोच, मला 'नाही' ऐकायला काही होत नाही. मी नव्वद पोरं रोज घरी पोचवते. मला फक्त रस्ता कुठं बंद आहे ते आधी कळायला हवं."

सोमवारी आर्डेला कामावर गेली आणि तिला कुणी काढलं नाही. पाहुण्याची सही व्हायची होती. ज्या बाईने त्याच्या आईला उत्तर दिलं तिलाच हाकलणं बरं दिसलं नसतं. बडी तिच्याशी तीन आठवडे बोलला नाही आणि तिला ते आठवडे सुखाचे गेले.

फेब्रुवारीत यूबँक्सने सही केली, टॅलोवा स्टेटलाच. ड्रेननने ते आपल्या खात्यावर मांडलं. व्हर्नीसने आर्डेलाला फोनवर वेगळं सांगितलं. "बाकी तीन ठिकाणी गेलो आम्ही. तिथंही विचारलं. पाठी सगळ्या कोऱ्या होत्या, मिस आर्डेला. इतक्या कोऱ्या, की मलाच धडधडायला लागलं."

जूनमध्ये पोरगा राहायला आला. पहिल्याच दिवशी आईला फोनवर धरून तो सल्लागार बाईंसमोर बसला आणि मुख्य विषय म्हणून त्याने माती लिहायला सांगितली. बाईंनी विचारलं, नक्की का, दुपारी प्रयोगशाळा असते, सरावाशी भांडण होईल. तो म्हणाला, "पहिल्यापासून हेच धरलं तर बदलावं नाही ना लागणार?" बाई म्हणाल्या, तसं नाही लागणार. त्याला मातीची आवड होती का, हे कुणी विचारलं नाही. तो रकाना त्या फॉर्मवर नव्हता.

संध्याकाळी तो पुस्तक घेऊन धुलाईघरात आला. आर्डेला कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मॅम, इथं बसू?" त्याने कोपऱ्यातली पालथी टोपली दाखवली. ह्या टोपलीबद्दल त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिने नाही, बडीने तर नाहीच. खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

"बस," ती म्हणाली. ड्रायर थांबले. पान उलटल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं, तर ह्या वेळी तिथं खरंच कुणी होतं, आणि त्याने तिचा जीव शांत व्हायला हवा होता. तो झाला नाही. ती चाकांची टोपली ढकलत कोपऱ्यातून गेली तेव्हा तिने काही म्हणायच्या आधीच त्याने पाय वर घेतले.

ऑगस्टमध्ये नवे कपडे आले, आणि त्यांच्याबरोबर उष्णतेने अक्षरं चिकटवायचं यंत्र. पुतळ्याचं काय, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ठरलं की पुतळा आता हरकत घेणार नाही. यंत्र चिकटवतं तसं सोलूनही काढतं, भोक पडत नाही. आर्डेलाचं पद रद्द झालं. बडीने तिला शेंगदाण्यांचा डबा दिला, दाराबाहेर सोडायला आला आणि म्हणाला, "मनावर घेऊ नका."

"मिस्टर बडी," ती म्हणाली, "मशीनच्या पायाखालचा कागद काढू नका. डुगडुगतं."

यूबँक्सला नवी चोपन्न दिली. त्याने ती परत केली आणि जुनीच मागितली. कारण विचारलं तर म्हणाला, मला ही बसते. तिच्यावरचं शिवलेलं काढून त्याचं नाव यंत्राने चिकटवलं, अगदी सफाईदार.

सप्टेंबरच्या पहिल्या सामन्याला त्याने घरच्यांसाठी मिळणाऱ्या जागांपैकी एक आर्डेलाला दिली. ती आणि व्हर्नीस शेजारी बसल्या, उकडलेल्या शेंगांची पिशवी मधे. ऊन असं होतं की समोरचं मैदान हलल्यासारखं दिसत होतं. व्हर्नीस चेंडूकडे बघतच नव्हती.

"पदवी घेईल का हो हा?" तिने विचारलं.

"मला नाही सांगता येत."

"खोटं तरी बोला."

"ते काम दुसऱ्यांकडे आहे."

मध्यंतरानंतर पोरं घामाने निथळत मैदानात उतरली. यूबँक्स ह्या दोघींकडे पाठ करून उभा राहिला. व्हर्नीसने शेंग सोलायची थांबवली आणि आर्डेलाचं मनगट धरलं.

"तुमचा आला बघा वर," ती म्हणाली.

ती जर्सी कोरडी असताना यूबँक्सची आहे. ओली झाली की थिग्पेन वाचता येतं.